कांबळे सिस्टरचं आडनाव

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ९ जुलै २०२४

ती. आक्काआत्यास,
निशाचा सविनय जयभीम. वि. वि.

पाऊस लागला की तुझ्या गगनबावड्याची रेंज जाते, म्हणून पत्र. घरी सगळे खुशाल. पप्पांचा गुडघा बरा आहे, तक्रार तेवढी चालू आहे.

बातमी मोठी आहे. आपली 'कांबळे सिस्टर' चित्रकथा पुण्याच्या एका कंपनीला हवी आहे. सहा वर्षं दर शुक्रवारी मी गोष्ट लिहिली, आदितीनं कबनूरहून चित्रं काढली आणि चाळीस हजार लोक ती मोबाईलवर वाचत आले. आता कंपनी आम्हा दोघींना नोकरी देऊन ती स्वतःच्या ॲपवर चालवणार. त्यांच्या ऑफिसात चहा संपेपर्यंत मी खूश होते. मग त्यांनी दोन 'बारीक' बदल सांगितले. नाव नुसतं 'सिस्टर' ठेवायचं, आडनावाला वाचक अडखळतो म्हणे. आणि तुझ्यावरून लिहिलेला एक्केचाळिसावा भाग गाळायचा. तोच, ज्यात लसीकरणाला गेलेल्या सिस्टरच्या ओंजळीत वरून पाणी ओततात आणि ती न पिता मान खाली घालून निघून जाते.

मी तिथंच सांगितलं, आडनाव जाणार नाही. बाहेर जिन्यात आदिती म्हणाली की नुसतं आडनावच तर आहे. मी विचारलं, मग तुझं काढू का? तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. करारावर दोघींची सही लागते. मी करणार नाही. बरोबर ना?

लोभ आहेच, तो शिव्यांसकट चालू ठेव.
तुझी,
निशा


गगनबावडा
दि. २० जुलै २०२४

चि. निशास अनेक आशीर्वाद.

पत्र भिजून आलं, पण वाचता आलं. नऊ दिवस सूर्य दिसला न्हाय, लुगडी चुलीवर वाळवतोय.

आडनाव काढायचं न्हाय, ह्यात विचारायचं काय? चौतीस वर्षं नोकरीत लोकांनी त्याच नावानं हाक मारली. कुणी प्रेमानं, कुणी नाक मुरडून. हाक आली की मी गेले.

पण माझा राग तुझ्यावर हाय. तो भाग खुशाल गाळू देत त्यांना, खोटाच हाय तो! मी मान खाली घालून गेलते असं तुला कुणी सांगितलं? मला विचारलंस कधी? बाळाला आधी डोस पाजला, कारण त्याचा काय गुन्हा न्हवता. मग लशीची पेटी बाजूला ठिवली, उंबऱ्यावर बसले आणि सांगितलं, पाण्याचा पेला हातात मिळंपर्यंत मी हलत न्हाय. दुपारी बसलेली, दिवस मावळाय आला. गल्ली गोळा झाली. कुणी समजावलं, कुणी नोकरी घालवतो म्हणालं. शेवटी त्या घरच्या थोरल्या सुनेनं पेला भरून हातात दिला. प्याले, आणि आणखी एक मागितला.

लोकांना रडू यावं म्हणून तू मला गप्प केलंस. कंपनीनं नुसतं नाव कापलं, तू जीभ कापलीस. आता काय करायचं ते तूच ठरीव.

जेवणं वेळेवर कर. माझा राग पत्रापुरता हाय, माया कायमची.
तुझी आत्या,
आक्काताई


कबनूर
दि. ३ ऑगस्ट २०२४

प्रिय निशा,
सप्रेम जयजिनेंद्र. वि. वि.

फोनवर आपण दोघी ओरडतो, त्यात आमच्याकडं यंत्रमागांचा खडखडाट, म्हणून लिहितेय. जिन्यात बोलले ते चुकलं. तुझा प्रश्न लागला, आणि लागायलाच हवा होता.

पण माझंही ऐक की. तू एका ओळीत लिहितेस, 'घाटात पाऊस कोसळतोय', आणि मी तीन दिवस पाऊस काढते. सहा वर्षं तुझा पाऊस काढला, मनगटाला पट्टा बांधून काढला. मुलाखतीत मात्र तू एकटी, आणि मी कंसात. एक्केचाळिसाव्या भागात मी सिस्टरची मान ताठ काढली होती, आठवतं? तूच खाली करायला लावलीस. ताठ मानेनं कुणी रडत नाही म्हणालीस.

मला ही नोकरी हवी आहे. त्यांच्या अटींवर हवी आहे. तुला पटणार नाही, तरी चोरून करणार नाही म्हणून कळवते. आईनं तुला खाकरे ठेवलेत, भांडायला का होईना, ये.

रागव, पण तोडू नकोस.
आदिती


मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २१ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचलं. मग आदितीचं पत्र आलं आणि दोघींनी मिळून माझी चांगलीच जिरवली. मी कबनूरला गेले. तिला सांगितलं की तिनं काढलेली मान बरोबर होती आणि माझी गोष्ट चुकली. मग आम्ही एका कागदावर सह्या केल्या. चित्रं आणि तो चेहरा तिचा, ती कंपनीला देऊ शकते. नाव आणि गोष्टी माझ्या, त्या कुणालाच नाहीत. सोबत काम आता होणार नाही, हे दोघींना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेतली. चित्रकलेत मी शाळेत काठावर पास. तरी एक्केचाळिसावा भाग नव्यानं काढला, तू सांगितलास तसा, आणि आधीचा खोटा होता हे वर स्पष्ट लिहिलं. तुझे हात काड्यांसारखे आलेत, पेटी तुझ्यापेक्षा मोठी झालीय. एका वाचकानं विचारलं, हे लहान पोरानं काढलंय का? मी उत्तर दिलं, न्हाय, बत्तीस वर्षांच्या बाईनं काढलंय आणि पुढच्या शुक्रवारी पण तीच काढणार हाय. चाळीस हजारांतले सहा हजार उरलेत. असू देत.

गेल्या आठवड्यात कंपनीची 'सिस्टर' आली. छापील पुस्तकासारखं बोलते, कुठल्या गावची ते कळत नाही. पाऊस मात्र असा काढलाय की अंग भिजावं. आदितीला तसं लगेच कळवलं. खाली प्रतिक्रियांत जुन्या वाचकांनी मुद्दाम एकच विचारलंय, एकामागं एक: बाईचं आडनाव काय? तिसऱ्या दिवशी कंपनीनं प्रतिक्रियाच बंद केल्या. आता तिथले नवे वाचक माझ्याकडं येऊन विचारतात. मी सांगते.

असाच कान धरत राहा.
तुझी,
निशा कांबळे