मार्कबुकातले पिचर

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार

बेनची ईमेल! ईशिताची नाही — बेनची. सात आठवडे पोटची पोर एक शब्द बोलत नाही, आणि हा मुलगा मला 'डिअर सुनेत्रा' म्हणून लिहितो. मिसेस नाही, काही नाही.

काय तर म्हणे, त्यांच्या घरची फँटसी बेसबॉल लीग आहे. बारा वर्षं चाललीय. त्याचे वडील, काका, चुलत भावंडं, दोन शेजारी — एकूण दहा जण. यंदा एक जागा रिकामी आहे, तर मी घेईन का? १८ मार्चला ड्राफ्ट. म्हणजे आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसून पाळीपाळीने खरे खेळाडू आपल्या कागदी टीमसाठी उचलायचे. मग सीझनभर ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. 'ईशिता म्हणते, आकड्यांमध्ये तुमचा हात कोणी धरणार नाही.'

सतीश म्हणाला, "सरळ नाही म्हण. आपल्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

मी सरळ हो म्हणून कळवलं. ईशिता म्हणते! म्हणजे त्या घरात माझं नाव अजून निघतं.

१३ फेब्रुवारी

ख्रिसमसचं एकदा लिहून टाकते, नाहीतर डोक्यात भुणभुणत राहतं. ऑक्टोबरात ईशिता बॉस्टनमधला स्वतःचा फ्लॅट सोडून बेनच्या घरी राहायला गेली. लग्न नाही, साखरपुडा नाही. तेव्हापासून दर रविवारी फोन आणि दर रविवारी तेच भांडण. ख्रिसमसला तिने तोंड उघडायच्या आधीच मी म्हटलं, "असल्या संसारांचे आकडे मी वाचलेत, ईशू. किती टिकतात ते मला सांगू नकोस."

ती म्हणाली, "आई, तू मला स्टॅटिस्टिक्स देते? सीरियसली?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर ना फोन, ना ईमेल. मीही केला नाही. माझं काय चुकलं? आकडे खरेच होते.

१५ फेब्रुवारी

शाळेला हाफ-टर्मची आठवडाभर सुट्टी आहे म्हणून बरं. अख्ख्या लंडनच्या या टोकाला, आमच्या पिनरच्या लायब्ररीत बेसबॉलवर एकच पुस्तक निघालं, तेही मुलांच्या सेक्शनमध्ये. तिथल्या बाई विचारतात, "फॉर युअर ग्रँडसन?" मी नुसती हसले. नंतर दिवसभर चिडचिड.

१७ फेब्रुवारी

पिचर म्हणजे आपला बोलर. फलंदाज कोणीही निवडेल, सगळ्यांना तेच दहा-बारा हवे असतात. खरी गोम पिचरमध्ये आहे. आमच्या लीगमध्ये पिचरला पाच विषय — विजय, सेव्ह (शेवटी येऊन राखलेला सामना), स्ट्राइकआउट (पिचरने एकट्याने काढलेली विकेट), नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा आणि दर इनिंगला किती जणांना बेसवर जाऊ दिलं. शेवटचे दोन कमी असतील तितके चांगले. सतीशला समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे इकॉनॉमी रेट." चला, घरात एकाला तरी कळलं.

शाळेतलं कोरं मार्कबुक घरी आणलंय. एकतीस वर्षं मुलांचे मार्क याच चौकोनांत भरले. आता आडनावं पिचरांची. लाल पेनाने शेरे — 'हुशार, पण वॉक फार देतो,' म्हणजे वाइड टाकून फलंदाजाला फुकट बेसवर सोडतो. 'खांद्याचं ऑपरेशन. भरवसा नाही.' 'वय ४१. पुरे आता.'

२५ फेब्रुवारी

आज सापडलं! एक पठ्ठ्या सतरा सामने जिंकलाय, पण नऊ इनिंगला पाच धावा देतो. मग जिंकला कसा? त्याच्या टीमने सहा-सहा केल्या म्हणून. म्हणजे विजय त्याचा नाहीच — घरच्यांचा! उलट दुसरा एक — बिचारा तेरा सामने हरलाय, पण स्ट्राइकआउट भरपूर, फुकट वॉक जवळजवळ नाही. मागे उभे असलेले चेंडू सोडतात, त्याला तो काय करणार? मी त्याच्या नावाला हिरवा तारा केला. बाकी जग त्याला नापास समजतंय. समजू दे. बाराव्या फेरीत गुपचूप उचलीन.

माणसाच्या स्वतःच्या हातात जेवढं, तेवढंच मोजायचं. हे इतकं सोपं आहे, आणि वर्तमानपत्रांतले शहाणे अजून विजयच मोजत बसलेत.

३ मार्च

सुचेताचा फोन, मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाचा. मी किती जणांचं श्रीखंड करणार ते विचारत होती. मी बोलता बोलता म्हणाले, आत्ता नको, पिचर चाललेत. ती म्हणाली, "अगं सुनेत्रा, तुझं बरं आहे ना? ईशिताची काही बातमी?" मी म्हटलं, मजेत आहे. साफ खोटं. मजेत आहे की नाही, मला काय माहीत!

फोन ठेवल्यावर वर-खाली दहा फेऱ्या मारल्या. ईशिताच्या खोलीत जाऊन उगाच पडदे धुवायला काढले.

८ मार्च

एकशे बारा पिचर झाले. झोप नाही, भूक नाही. सतीश म्हणतो, "तू नेमकी कोणाशी लढतेयस?"

१० मार्च

कोणाशी ते मला ठाऊक आहे. त्या बापाशी, त्या काकांशी, त्या बेनशी. ही बाई कोण म्हणून त्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत. आणि बॉस्टनमध्ये कोणीतरी पडद्यामागे उभी राहून म्हणाली पाहिजे — शी इज माय मदर. एवढंच हवंय मला. कप नको, काही नको. तिने एक फोन करावा.

१७ मार्च, शनिवार

वर्ल्ड कपमध्ये भारत बांगलादेशकडून हरला! सतीश सोफ्यावर आडवा, रिमोट छातीवर. जेवायलाही उठला नाही. मी मात्र मार्कबुक घेऊन टेबलाशी. उद्या ड्राफ्ट, त्यांच्याकडे दुपारी एक वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सहा. पाच तासांचा फरक. सगळी पानं दोनदा तपासली. पहिल्या फेरीत मिनेसोटाचा डावखुरा, मिळाला तर. चौथ्या-पाचव्यात आणखी दोन. मग तारा.

१८ मार्च, रविवार

कसं लिहू!

पावणेसहाला चहा घेऊन बसले. लॉग-इन केलं तर स्क्रीनवर — नववी फेरी चालू. नववी! मला वाटलं, चुकून दुसऱ्या कोणाच्या लीगमध्ये शिरले. बघते तर माझ्या नावापुढे आठ खेळाडू. मी नव्हते म्हणून मशीनने आपोआप उचलले. पिचर दोनच, आणि त्यातला एक कोण? पाच धावा देणारा तो सतरा विजयवाला! मी लाल पेनाने कापून काढलेला!

अमेरिकेने उन्हाळ्यासाठी घड्याळं यंदा तीन आठवडे लवकर तासभर पुढे केलीत, आपली अजून जुन्याच वेळेवर. गेल्या रविवारीच. तिथला एक म्हणजे आज आपले पाच. हे मला कळायला नको? एकतीस वर्षं गणित शिकवते! एरवी दर रविवारी ईशिताचा फोन असायचा. चालू असता तर त्याच रविवारी तासभर आधी आला असता, मीच विचारलं असतं, ईशू, आज तू लवकर कशी. आता मी कोणाशी बोलतच नाही, तर कळणार कुठून!

बाजूच्या चौकटीत त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. कुणा काकाने लिहिलं होतं — 'लंडनची राणी येणार आहे की नाही?' त्यावर बेन — 'गिव्ह हर टाइम.'

मी तारावाला उचलला, नवव्याच फेरीत, भीतीने. उरलेल्या फेऱ्या कशाबशा केल्या. गप्पांच्या चौकटीत 'सॉरी' लिहिलं आणि कोणी काही म्हणायच्या आत बंद केलं.

ते काय समजले असतील? बाईला आमंत्रण दिलं, बाईने मुद्दाम पाठ फिरवली. पाऊण तास माझी जागा रिकामी. ईशिता तिथेच असणार. तिने मान खाली घातली असेल. तोंड दाखवायला जायचं होतं, आणि मी त्यांचा अपमान करून बसले!

रडले. लिहिता लिहिताही रडतेय. सतीशला वाटलं, बांगलादेशमुळे.

१९ मार्च

पहाटे उठून सगळ्यांना माफीची ईमेल लिहिली. शाळेत हेडला लिहितात तशी झाली. खोडली. मग सरळ लिहिलं — तुमची घड्याळं बदलली हे मला माहीत नव्हतं. महिनाभर मी अभ्यास केला होता. तुमचा अनादर करायचा नव्हता. पाठवली.

शाळेत नववीच्या मुलांवर उगाच खेकसले.

२१ मार्च

वॉल्टरचं — बेनच्या वडिलांचं — उत्तर आलं. दोन ओळी. 'काळजी करू नका. हेलनही बारा वर्षांत एकदाही वेळेवर आली नाही. त्या खुर्चीला सवय आहे.'

हेलन कोण? दहा नावांच्या यादीत हेलन नाही. पुन्हा तपासलं. सतीश म्हणतो, "बेनलाच विचार की." बेनला नाही विचारणार. विचारायचं तर एकीलाच. बारा आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी निमित्त मिळालंय. तरी नंबर फिरवून तीनदा ठेवून दिला.

२२ मार्च

शाळेतून आले ती कोट न काढताच जिन्यात बसले आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"ईशू, हेलन कोण गं?"

"बेनची मॉम. ती डिसेंबरला गेली, आई. क्रिसमसच्या सिक्स डेज आधी. तिला कॅन्सर झाला होता. ऑक्टोबरपासून मी तिकडे तिच्यासाठीच राहत होते — बेन आणि त्याचे डॅड दोघे कामाला जायचे, मग कोण बघणार? शेवटी तिचा बाथ पण मीच करायचे. दर संडेला तुला सांगायला जायचे आणि तू सुरू व्हायची."

मी हेलनच्या जागेवर बसले होते. लग्न नाही, साखरपुडा नाही, एवढंच मी बघत राहिले. ती तिथे काय करते, हे एकदाही विचारलं नाही. माझी मुलगी एका मरणाऱ्या बाईला अंघोळ घालत होती, आणि मी तिला आकडे सांगत होते.

म्हटलं, "ईशू, मी येते तिकडे."

ती म्हणाली, "कधी?"