डुलकीची गोष्ट

प्रिय ठमे,

त्या सकाळी मी तुझ्या अंघोळीची बादली भरली होती. खाली गार, वरून कढत. दूध उतू जायला लागलं म्हणून मी धावले आणि तू हात घातलास तो थेट वरच्या कढत पाण्यात. भोकाड पसरलंस. तुझे बाबा नुकतेच होडीवरून आले होते, बूटही पायातच होते. तसेच आत गेले, कोपरापर्यंत हात बादलीत घालून ढवळू लागले आणि तुला सांगत बसले, की पाणी आपणहून एक होत नाही गं, कुणीतरी हात फिरवावा लागतो. मी बाहेरून म्हटलं, शिकवणी नंतर घ्या, शाळेची वेळ झालीय. मग तुझी वेणी घातली, डबा भरला, त्यांचा खारट झालेला स्वेटर भिजत टाकला. तू गेल्यावर ते ओट्याला टेकून म्हणाले, साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय.

तू तेव्हा सात वर्षांची. बाबा होडी चालवतात, एवढंच तुला ठाऊक. होडी समुद्र तपासणाऱ्या केंद्राची. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा आणि दोरीला बांधलेलं यंत्र पाण्यात खालीवर करायचं. पाणी किती घुसळतंय ते यंत्र टिपून ठेवायचं. त्या पंधरवड्यात वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, तरी अंधार पडला की यंत्र वादळ असल्यासारखे आकडे दाखवायचं. साहेब म्हणाले, तुम्ही झोपलात, दोरीला हिसके बसले. बाबा म्हणाले, दोरी जागची हलली नाही, खाली मासळीचे थवेच्या थवे येतात, तीच पाणी ढवळते. ऑफिसात हशा पिकला. मासळी ढवळते म्हणे, मग उद्या येताना लोणी घेऊन या.

त्यांनी कागदावर लिहिलं होतं, मी जागा होतो. ते मी वाचलं. साहेबांना खोटं पाडणाऱ्याला कोण ठेवून घेणार? मी म्हटलं, अहो, झोप लागली असं लिहा. झोपेला कुणी फाशी देत नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग मीच दुसरा कागद घेतला. चौथीपर्यंत शिकलेली मी, पण अक्षर बरं होतं. "मला डुलकी लागली, यापुढे असे होणार नाही." त्यांनी खाली सही केली आणि जाऊन झोपले.

नोकरी राहिली. होडी गेली. पुढची अकरा वर्षं त्यांनी गोदामात दोरखंड गुंडाळले, खुणेसाठी पाण्यावर तरंगत ठेवतात ती पिंपं रंगवली. आणि डुलकीची गोष्ट आपल्या घरात रुजली. पहिल्यांदा मीच ती शेजारणीला हसत हसत सांगितली, लाज झाकायला. मग तू उचललीस. तुझ्या सासरी पहिल्या जेवणाला ती झाली, तुझे दीर तर हसून ठसकले. बाबाही हसायचे. कधी कधी स्वतःच घोरून दाखवायचे.

एकदाच, मी कणीक मळत होते तेव्हा, त्यांनी विचारलं, तुझा तरी विश्वास आहे ना? मी मान वर न करता म्हटलं, असेल हो. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

ते गेल्याला तीन वर्षं झाली. आता मी येताजाता रडत नाही. जेवताना मात्र घर फार गप्प असतं, म्हणून पुस्तक उघडून जेवते. वाचनालयातली बाई म्हणते, काकू, तुम्ही कपाटं रिकामी करणार. तिनेच विज्ञानाचं एक मासिक दिलं. शब्दकोश जवळ घेऊन एक लेख मी तीन दिवस वाचला. कुठल्याशा दूरच्या खाडीत शास्त्रज्ञांनी असंच यंत्र सोडलं होतं. वारा नाही, तरी रात्री पाणी घुसळलेलं. शोधलं तर पाण्यात माशांची अंडीच अंडी. बोटाएवढी मासळी, पण अंडी घालायला लाखोंनी जमते. किनाऱ्याजवळ गरम आणि गार पाण्याचे थर एकमेकांना चिकटून असतात, तेव्हा त्या इवल्या शेपट्यांनीही ते मिसळतात. तेच सगळं, ठमे. फक्त हसलं कुणी नव्हतं. मी ते पान मांडीवर घेऊन बसून राहिले. भात खाली लागला, वास आला तेव्हा उठले.

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू मध्येच म्हणाली असतीस, जाऊ दे गं आई. गेल्या आठवड्यात फोनवर तुझी लेक मागून ओरडत होती, आजोबांच्या डुलकीची गोष्ट सांग, आणि तू सांगायला लागलीस. मी ऐकत राहिले, नेहमीसारखी हसलेही. म्हणून हे पत्र. ती गोष्ट तिला पुन्हा सांगू नकोस. खरी काय ती सांग, आणि त्यात मी काय केलं तेही सांग, वगळू नकोस. माझा राग आला तर येऊ दे. लेख वाचून झाला तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले, जुनी फाइल काढायला लावली आणि त्या कागदावर, त्यांच्या सहीखाली लिहिलं, वरचं वाक्य माझं आहे, ते जागे होते. आणि माझी सही केली.

तुझीच,
आई