तळाची संत्री

मंगेशराव, सौंसरहून तुमच्या भाऊजीचा रामराम.

तुम्ही सांगितलेल्या नागपूरच्या दोन्ही शाळा धनश्रीले घेऊन पाहिल्या. पोरगी आठवीत राहून बारावीचं गणित सोडवून राहिली, तिले तशीच शाळा पाहिजे, हे मलेही कळते. पण मी संत्र्याचा व्यापारी. पेटी उलटून तळ पाहिल्याशिवाय माल घेत नाही. पहिल्या शाळेत मुख्याध्यापकांनी भिंतीवरचे टॉपर दाखवले. मी म्हटलं, शेवटच्या बाकावरची पोरं दाखवा. तिथं एक पोरगा झोपून होता. म्हटलं, ही शाळा नको. दुसऱ्या शाळेत सगळेच जागे होते. म्हटलं, इथं पोरांना दम घेऊ देत नाहीत, हीही नको.

परतीच्या बसमध्ये धनश्री म्हणाली, “बाबा, माल घ्यायला आलेला व्यापारी खोट काढते अन् भाव पाडते. तुम्ही तर भावच नाही विचारला. तुम्हाले घ्यायचंच नव्हतं.”



दुसऱ्या शाळेच्या होस्टेलात तिच्यासाठी जागा धरून ठेवा, एवढंच तुम्हाले फोनवर सांगतो. हे पत्र काही टाकत नाही. तुमच्या बहिणीले वाटते, मी शाळांवर नाराज आहो. तेच बरं.

तुमचा भाऊजी,
दत्तात्रय