बी बाजूचं बेट

९ एप्रिल १९८७, उमरगा

युसूफभाई सुट्टीवर आले, मस्कतहून ह्यांची कॅसेट घेऊन. ए बाजू नेहमीसारखी पुढच्या खोलीत लावली. आत्या, म्हणजे सासूबाई, टेपला कान लावून. दारात निम्मी गल्ली. ह्यांनी सगळ्यांची चौकशी केली: आत्यांचा गुडघा, शेळी, टँकर रोज येतो का. माझ्या वाट्याला काय, तर 'शाळा बरी चाललीय ना?' जसा काही माझ्या वर्गाच्या तपासणीला आलेला साहेब. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मग मधेच, तशाच आवाजात: कंपनी अजून दोन वर्षं थांबा म्हणतेय, जूनअखेर सांगायचंय. आणि कॉम्प्युटर बदलायचा विचार आहे. तिथं सगळ्यांकडे दुसराच असतो, खेळ मिळतात ते त्याचेच. 'तिचं काय म्हणणं ते कळवा.'

गल्लीसमोर मी काय म्हणणं कळवू? चहा ठेवायला उठले.

१० एप्रिल

आत्या पाण्याला गेल्या तशी बी बाजू लावली. टेपची वायर कॉम्प्युटरला, कॉम्प्युटरची टीव्हीला, आवाजाचं बटण खडूच्या खुणेवर. किर्र आवाज, पडद्यावर पट्टे, आणि मग हळूच बेट.

हे यंत्र बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा ह्यांनी स्वस्तात दोन घेतली. एक तिथं, एक गेल्या सुट्टीत इथं आणून ठेवलं. खेळ एकच. बेटावर एक माणूस आणि एक बाई. विहीर खणा, पेरा, घर बांधा. हे आपली पाळी खेळतात, बेट जसं असेल तसं कॅसेटवर उतरवून पाठवतात. मग माझी पाळी, मग परत. ए बाजू सगळ्यांची, बी बाजू आमची. तिथं दारात कुणी उभं नसतं.

या खेपेला ह्यांनी पेरलं नाही, बांधलं नाही. अख्खी पाळी वाया. नुसता आपला माणूस चालवत विहिरीपाशी आणून ठेवलाय, माझ्या बाईच्या शेजारी. मी बघत बसले. भाकरी करपली.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक हायवेपर्यंत, ट्रक थांबून राहिले. आत्या नव्या लुगड्यात, गुडघा विसरून पुढं. मी गर्दीत आणि मन बेटावर. आमच्या टीव्हीवर समुद्र करडा दिसतो. ह्यांच्या रंगीत टीव्हीवर निळा आहे म्हणे. पताकांकडे बघून वाटलं, असाच असेल.

२८ एप्रिल

घागर रांगेत ठेवून लिंबाखाली बसले. ऊन असं की समोरचा रस्ता हलतोय. डोळे मिटले. बेटावरची विहीर आटत नाही. पोहरा टाकला की आवाज येत असेल का? खेळात आवाज नाही. मी मनानंच घालते.

युसूफभाई वाटेत भेटले. विचारलं, ह्यांनी नवा घेतला तर आमच्या मशीनवरचा खेळ त्याच्यावर चालेल ना? "नै भाबी. दोनों की जबान अलग है. इसका उसपे नै चलता."

म्हणजे ह्यांनी मशीन बदललं की बेट गेलं.

६ मे

हैदराबादला जाऊन आले, मामेबहिणीकडे जाते सांगून. खरं काम वेगळं. आपल्या मशीनचे नवे खेळ मिळाले तर हे बदलणार नाहीत. आणि मशीन बदललं नाही की मुक्कामही वाढवणार नाहीत, असं कुठूनतरी डोक्यात बसलंय. दोन्हीचा काय संबंध? काही नाही. तरी बाजारभर हिंडले.

एका दुकानदारानं मशीनचं नाव ऐकून मान हलवली. "ये मशीन कू अब कोई नै पूछता, आपा." दुसऱ्याच मशीनची एक कॅसेट हातात ठेवली, लगा के देखो म्हणाला. मी खुळी, घेतली. घरी लावली तर नुसते पट्टे, पट्टे, आणि काळा पडदा.

१७ मे

युसूफभाई उद्या निघणार. आज माझी पाळी खेळले.

बेटाच्या कडेला होडी असते. बेटाबाहेर जायचं तर तीच. ती मोडून लाकूड घेता येतं, मला आजवर सुचलंच नव्हतं. मोडली. त्या लाकडाची घराला दुसरी खोली काढली. हे लिहून कळवायला मला कधी जमलं नसतं.

बी बाजूवर उतरवलं. मशीन बंद केलं. हलकं हलकं वाटतंय.

१८ मे

पाणी घेऊन आले तर आत्या टेपसमोर मांडी घालून, बोलून झालेल्या. "माझं बोलनं सरंना, तवा कॅसेट पालटली. तिकडं नुसती किर्र हुती, तिच्यावरच बोलले."

बेट पुसलं. होडी, खोली, विहिरीपाशीचे दोघं. मशीनही कालच बंद केलेलं, आत काही उरलेलं नाही. आत्यांना काय कळणार त्यातलं? लाल बटण दाबायला मीच शिकवलं होतं. भांडी आपटली. रडू आलं, ते मोरीत.

मग ऐकलं, नीट भरलंय का म्हणून. शेळी, टँकर, गुडघा. आणि मग: "तू इचारलं ती काय म्हनती. ती काय न्हाय म्हनत. तुझा आवाज लागला की हातचं काम सोडती, समदं आयकती, अन् रातच्याला मला इचारती, आत्या, काय म्हनले हो? आयकूनबी इचारती. दोन वर्सं लई झाली, बाबा. माझं ऱ्हाऊ दे. तिचं बघ."

व्हय, विचारते मी. मला वाटायचं आत्यांच्या लक्षात येत नाही.

शेवटी थोडी पट्टी शिल्लक होती. आत्या समोर बसलेल्या. मी लाल बटण दाबलं आणि म्हणाले, नका करू दोन वर्षं. या. आणखी काही बोलणार तर पट्टी संपली.

युसूफभाईंना कॅसेट दिली तेव्हा तोंड वर करवेना.

३ जून

नवं बेट सुरू केलं, एकटीनंच दोन्ही पाळ्या. मजा नाही. माणसाला मीच विहिरीपाशी न्यायचा आणि मीच बघायचं. बंद करून टाकलं.

रोज तोच हिशेब: ऐकलं असेल का? तिथं खोलीत चार जण असतात. सगळ्यांसमोर लावलं असेल तर? लावू दे.

२१ जून

युसूफभाईंच्या मेहुण्यानं मस्कतहून आलेली कॅसेट आणून दिली. ए बाजू: पाऊस झाला का, शेळीचं करडू केवढं झालं. दोन वर्षांबद्दल अवाक्षर नाही. शेवटी घसा खाकरून: नवा कॉम्प्युटर घेतला. तसलाच एक तिच्यासाठी घेतोय, कुणाबरोबर येईल ते अजून ठरायचंय. आणि बी बाजू तिची आहे, बाकी कुणी लावू नका.

बायका हसल्या. मला भीतीच वाटली. मशीन दुसऱ्या कुणाबरोबर येणार म्हणजे हे येणार नाहीत, असंच ना? का दोन वर्षांच्या कागदावर सही अजून केलीच नाही? जूनअखेर तर आलीच.

बी बाजू लावली. तीच किर्र, पण बारीक, घाईघाईची. आपल्या मशीनची नव्हे. तरी वायर जोडून बघितली, पुन्हा पुन्हा. पडदा काळा. ह्यांनी तिथं बसून माझ्यासाठी काहीतरी केलंय, आणि ते उघडायला माझ्या घरात यंत्र नाही.

आत्या दारात येऊन उभ्या. मागं बायका तशाच. "काय म्हनतुया?"

"कळत नाही, आत्या. नवं मशीन आल्याशिवाय नाही कळायचं."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, टेपकडं बघितलं. मग घागर उचलली. "चला गं समद्या, टँकर आला." टँकर आला नव्हता, भोंगा मला तरी ऐकू आला नाही. सगळ्यांना बाहेर काढून जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. दिवसाढवळ्या आमच्या घराचं दार असं कधी लागत नाही.

मी वायर काढली, कॅसेट मागं घेतली आणि ती किर्र पहिल्यापासून ऐकायला बसले.