न सापडलेल्या जाती

४ मार्च
आले एकदाची! खोली संशोधन केंद्राच्या वरच्या मजल्यावर, खिडकीखाली थेट समुद्र. काम मोठं मजेचं आहे: इथे समुद्री गोगलगायींच्या एकूण किती जाती असतील याचा अंदाज बांधायचा. सगळ्या काही सापडत नाहीत. पण एकेकदाच सापडलेल्या जाती जितक्या जास्त, तितक्या अजून लपलेल्याही जास्त, असा हिशेब. आमच्या पाणबुड्याला सगळे डुबकीकाका म्हणतात. ते रोज सकाळी सापडलेल्या गोगलगायींची ओली बादली माझ्या दाराशी ठेवून जातात. हिशेब समजावला तर म्हणाले, पोरी, समुद्राला हजेरी द्यायची सवय नाही. दोघंही पोट धरून हसलो.

१९ मार्च
बंदराचा धक्का वाढवायला किनाऱ्याचा खडक सुरुंगाने उडवणार आहेत. त्याआधी केंद्राच्या साहेबांना अहवाल हवाय. त्या खडकातली खोल कपार तपासायची राहिलीय. साहेब म्हणाले, उगाच घोळ घालू नकोस, नोकरीत कायम व्हायचंय ना? एकेकदाच सापडलेल्या जाती मी गाळून टाकल्या. अंदाज मुकाट खाली आला. 'पाहणी पूर्ण' लिहिलं, सही केली. काकांना सांगितलं, कपारीत उतरायची गरज नाही. त्यांनी रिकामी बादली उचलली आणि निघून गेले.

२६ मार्च
काका गेले. राहिलेलं काम पुरं करायला कुणाला न सांगता कपारीत उतरले होते. पाहणी संपलीय, खाली कुणी नसणार, म्हणून सुरुंगवाल्यांनी बार उडवला. काकूंनी माझाच हात धरून विचारलं, काम संपलं होतं ना गं, मग हे का उतरले? ओठांवर आलं होतं. गिळलं.

२८ मार्च
दाराशी बादली. ओली. आत एकच गोगलगाय, कुठल्याच पुस्तकात नसलेली. पहारेकऱ्याला विचारलं. वर कुणीच आलं नाही म्हणाला.

३० मार्च
बादली काठोकाठ. दोन सारख्या नाहीत, एकही जोडी नाही. हिशेब मांडला. आल्यात त्याच्या कैक पट अजून यायच्यात—

१ एप्रिल
बुटात. उशीखाली. समुद्रात फेकल्या, परत भिंतीवर. दिवसभर खरवडल्याचा आवाज. त्यांची जीभ कानशीसारखी असते, दगडसुद्धा—

२ एप्रिल
काकूंना फोन लावला. सगळं सांगून टाकणार होते. तोंड उघडलं आणि— माझीच जीभ कानशीसारखी टाळूला खरवडते. रक्त. शब्द फुटेना. काकू विचारत राहिल्या, कोण बोलतंय, कोण—

लिहूनच देते. काकू, ती कपार मी कधी तपासलीच