दुसरं हँडल

शनिवार, वाशी. सांजंला.

आज कापसाच्या जिनिंगमधे रोलर बदलताना उस्मानचाचांचा हात थोडक्यात वाचला. आमच्याकडं रीतच हाय, मशीनमधे हात घालणाऱ्यानं इंजन फिरवून चालू करायचं हँडल आपल्या मांडीखाली घेऊन बसायचं. हँडल न्हाय तर इंजन न्हाय. हँडल चाचांच्या मांडीखालीच होतं, म्या बघितलं. तरी भिंतीपल्याड इंजन धडधडलं, पट्टा फिरला.

मॅनेजरसाहेब म्हणले, "गरम होतं, आपोआप चालू झालं असंल."

आपोआप! इतक्या वर्षांत ते कधी आपोआप शिंकलं न्हाय. साहेबांना कापसाच्या गाड्या खोळंबल्याची घाई, आन् इंजनवाला शिवाप्पा नजर देत न्हाय. दोघांचं संगनमत हाय, न्हायतर काय?

चाचा हळूच म्हणले, "हँडल तर माझ्याकडं होतं. मग फिरवलं कशानं?"

मला तवाच आठवलं. मागं साहेब म्हणले होते, "एखादं जादा असू द्या." लोहाराकडून तसंच हँडल म्याच घडवून आणलं. त्यात काय वाईट, असं वाटलं होतं. चाचांना सांगितलं मातर न्हाय. आजबी तोंड उघडलं न्हाय.

चाचांनी एकेकाकडं संशयानं बघितलं. फक्त माझ्याकडं न्हाय.