तीनदा वाचल्याशिवाय अंगठा नाय

१२ डिसेंबर
वाचणाऱ्याने आधी चष्मा शोधावा. कपाळावर असेल. मग सकाळी काय खाल्लं ते आठवून बघावं. आठवत नसेल, तर ही वही तुझ्यासाठीच हाय, विलास. मी अक्षर शिकले नाही, म्हणून मला सगळं लक्षात ठेवावं लागतं. माझा मुलगा बारावी शिकला. त्याचं सगळं कागदावर, आणि कागद कुठे ठेवला ते ठाऊक नाही.
लिहिते आहे त्याचीच मुलगी, सायली. मी बोलते तसं लिही म्हटलंय, सुधारायचं नाही. यापुढे विलासला नुसतं वि. लिहायचं. शाई वाचते.

१४ डिसें.
वि. आला. विषय कारखाना. कारखाना म्हणजे हमरापूरच्या रस्त्याला आमची गणपतीची शेड. जागा माझ्या नावावर. ह्यांनी हयात असताना मुद्दाम माझ्या नावाने घेतली. माणूस कमी बोलायचा, पण मुलाला ओळखून होता.
वि.ला तिथे गाळे काढायचेत. "आये, आता तुझ्यानं होत नाय. तुझ्यामागं कोण करणार?"
म्हटलं, आज सकाळपासून अकरा मूर्ती काढल्या. तू काय केलंस?

१७ डिसें.
कच्चं काम, म्हणजे बिनरंगाच्या मूर्ती, जोरात. साच्याचे दोन अर्धे नीट जुळले नाहीत की शिवण जाड येते, मग घासत बसा.
घासता घासता ठरवलं. कारखाना शोभाला. शोभा माझी मुलगी, रोह्याला दिली. दर आषाढात महिनाभर येते आणि डोळे आखते. गिऱ्हाईक तिच्या डोळ्यांचे गणपती आधी उचलतं. वि.ने शेडमध्ये झाडूसुद्धा कधी...
सायली लिहायची थांबली. म्हटलं, लिही गो. बापाला वाईट वाटेल ते आपण नंतर बघू.

१९ डिसें.
जुनं आहे, पण लिहून ठेव. हे गेले तेव्हा खाडीकाठी खारातलं शेत होतं. तेरावं झाल्यावर वि. शोभाला आणि मला पेणला घेऊन गेला. "वारस लावायचेत, दोघींचं लागतं." शोभाने सही केली, मी अंगठा. येताना तिला हिरवी साडी घेतली, एस.टी.त बसवून दिलं. शेत विकायला निघालं तेव्हा कळलं, कागद हक्कसोडीचा होता. दोघींच्या.
बहिणीने हक्क सोडायचा नि साडी न्यायची, घरोघरी तेच. म्हणून कोणी बोललं नाही. शोभा सातवी शिकलेली, वाचू शकली असती. पण भाऊ समोर बसलेला असताना कागद वाचायचा म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं. मलाही तसंच वाटलं.
आता वाटत नाही.

२३ डिसें.
वि. कागद घेऊन आला. शेडच्या मीटरवरचं नाव बदलायचंय, म्हणाला. खिशात स्टॅम्पपॅड. तयारी चांगली.
मी कागद सायलीकडे दिला.
"तिला काय कळतंय त्यातलं?"
अक्षरं कळतात ना, म्हटलं, तेवढं पुरे.
तिने दोन ओळी वाचल्या आणि बापाकडे पाहिलं. मी वाट बघत राहिले. मनात आलं, ही आता मीटर म्हणेल, आणि मला कधी कळणारही नाही.
"बक्षीसपत्र," ती म्हणाली. "आजी, तू शेड पप्पांना बक्षीस दिलीस असं लिहिलंय."
वि. चहा न घेता गेला. पोरीला गूळ-शेंगदाणे दिले. स्टॅम्पपॅड इथेच राहिलं. ठेवून दिलं.

२७ डिसें.
पेण. मृत्युपत्र झालं.
वकीलबाईंनी वाचून दाखवलं. मग म्हटलं, आता सायली वाचेल. मग बाहेरच्या बाकावर एक अनोळखी मास्तर बसले होते, त्यांना आत बोलावून वाचायला लावलं. तिघांचं जुळलं.
वकीलबाई म्हणाल्या, "आजी, माझ्यावर विश्वास नाही?"
"हाय की. साच्यावर पण हाय. तरी उघडून बघते."
साक्षीला आमचे डॉक्टर आणि शेजारची सुलभा. डॉक्टरांनी डोकं ठिकाणावर आहे का ते तपासलं. "आज वार कोणता?" म्हटलं, तुम्ही माझ्या गुडघ्याच्या गोळ्या द्यायला विसरलात तो वार. डोकं ठिकाणावर असल्याचं लगेच लिहून दिलं.
शाई वि.च्याच स्टॅम्पपॅडची. दोघांच्या डोळ्यांदेखत अंगठा उठवला. छान उठला.

५ जाने.
शोभाला फोनवर सांगितलं. मला वाटलं खूश होईल.
"नको गो आये. भाऊ दार बंद करील. तू हायस तोवर ठीक, मग मी माहेराला कुठे जाऊ? तुझ्यामागं मी हक्क सोडून देईन."
खूप राग आला. म्हटलं, सोड. तुझं तू बघ. पण या खेपेला वाचून सोड. आणि आपल्याच शेडमध्ये पाहुणी म्हणून डोळे आखायला येणार असशील, तर ते मला वरून दिसेल, एवढं ध्यानात ठेव.
तिने फोन ठेवला नाही. मग मीच ठेवला.

१० जाने.
वि. अठरा दिवस आलेला नाही. सायलीजवळ निरोप: मृत्युपत्र बदलता येतं, विचारून घे.
उलटा निरोप: ठाऊक आहे. म्हणून तर नीट वागायला अजून वेळ आहे तुला.
सायलीला विचारत होता म्हणे, आजी वहीत काय लिहिते. ती म्हणाली, "तुम्ही या नि वाचा."

१४ जाने.
रविवारी शेडच्या मागे पोपटी लावणार, मडक्यात शेंगा नि अंडी भाजायची. शोभाला यायला सांगितलंय. वि.लाही सांगितलंय. येतील का, ठाऊक नाही. दोघं आली तर अंगठा उठवलेला कागद मध्ये ठेवून शोभाला मोठ्याने वाचायला लावीन, भावासमोर. नाही आली तर मी आणि सायली खाऊ.
शोभाला निरोप: तू ये न ये, रोह्याहून वालाच्या शेंगा पाठव. दोन मडक्यांच्या. कोवळ्या बघ, किडक्या नकोत. मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला इथे पुष्कळ हाय. आणि पिशवीत अंडी आठ जास्त टाक, वि.ला लागतात.